खंडणी आणि जजकाकू

जजकाकूंनी आयुष्यात एक डाव खेळला नाही, पण आमच्या खेळातलं भांडण त्यांच्याशिवाय कधी मिटलं नाही. राक्षस, जादूगार, किल्ले आणि विजा यांची रंगीत चित्रं असलेल्या त्या इंग्रजी पत्त्यांपैकी कुठला कुणाला हरवतो, हे त्यांना शेवटपर्यंत धड सांगता आलं नसतं. पण पत्त्यावर छापलेलं वाक्य काय म्हणतं, हे त्या असं सांगायच्या की चार टेबलांवरचे सगळे गप्प व्हायचे.

नागपुरात नंदनवनमध्ये त्यांचं दोन मजली घर होतं. खाली त्या एकट्या राहायच्या. वरची मोठी खोली त्यांनी प्रणयला भाड्यानं दिली होती. प्रणयनं नोकरी सोडून तिथे या पत्त्यांचं दुकान काढलं होतं आणि रविवारी तिथेच खेळ भरायचा. मी तेव्हा बी. फार्म करत होते. बाबा शाळेची व्हॅन चालवायचे. आजोबांपर्यंत आमच्याकडे उमरेडला हातमाग होते, त्यामुळे रविवारी रिकामं बसणं घरात कुणालाच मानवायचं नाही, आणि मी तर पत्ते खेळायला जात होते. काटोलहून सचिन यायचा, संत्र्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, सकाळच्या एसटीनं. खेळात तो आणि मी बरोबरीचे होतो, म्हणून आमचंच सगळ्यात जास्त भांडण व्हायचं.

अशाच एका भांडणात काकू पहिल्यांदा वर आल्या. सचिननं नवा पत्ता आणला होता. आठ डोळ्यांचा, डोंगराएवढा राक्षस. त्याच्या अंगात एक शक्ती होती, तिचं इंग्रजी नाव लांबलचक म्हणून आम्ही तिला 'खंडणी' म्हणायचो. हा राक्षस नुसता हल्ल्याला निघाला, की समोरच्यानं आपल्या मांडलेल्या पत्त्यांपैकी चार पत्ते बाद करायचे. लढाई त्यानंतर. मी मांडलेल्या पत्त्यांमधले माझे सगळ्यात चांगले चार सचिन स्वतःच्या हातानं उचलू लागला, आणि मी त्याचा हात धरला. आरडाओरडा खाली गेला.

काकू दारात उभ्या राहिल्या. उंच, सडपातळ, खळ केलेली सुती साडी. आम्हाला वाटलं, आता खोली खाली करायला सांगतात. त्यांनी विचारलं, "काहून भांडून राहिले?" प्रणयनं कसंबसं सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "कार्डावर काय लिहिलं आहे ते वाच. मोठ्यानं. एकबी शब्द सोडू नको."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्या इंग्रजी वाक्याचं त्यांनी कोर्टाच्या मराठीत भाषांतर केलं: हा प्राणी जेव्हा जेव्हा हल्ला करील, तेव्हा बचाव करणारा खेळाडू चार पत्त्यांचा त्याग करील.

"त्याग करील. कोण करील?" त्यांनी सचिनला विचारलं.

"बचाव करणारा," सचिन म्हणाला.

"मंग निवडन कोण? तू कर्ता नाहीस बाबू. तू मागू शकते. काय द्यायचं ते देणारा ठरवन."

सचिननं हात मागे घेतला. मी माझे चार किरकोळ पत्ते बाद केले आणि माझा किल्ला वाचला. काकू उठून खाली गेल्या. पुढच्या रविवारी त्या आपणहून वर आल्या आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली. जजकाकू हे नाव प्रणयनं दिलं. त्यांना ते आवडलं नव्हतं. "मी जज नव्हती गा. जजाच्या पायाशी बसून लिहीत होती," असं त्या म्हणायच्या.

आयुष्यभर त्या कोर्टात स्टेनो होत्या. साक्षीदार बोलेल ते लघुलिपीत उतरवायचं आणि सांगितलं की वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. वाचताना त्यांचा आवाज सपाट व्हायचा; खुनाची साक्ष आणि भाडेपावती एकाच सुरात. आमच्या खेळातही त्या लांब वही आणि दोन पेन्सिली घेऊन बसू लागल्या. खेळाडू जे बोलतील ते बारीक आकड्या-रेघोट्यांमध्ये उतरायचं. आम्हाला आधी गंमत वाटली, मग सवय झाली. कुणी "मी असं म्हणालोच नाही" म्हटलं, की त्या पान उलटून वाचायच्या आणि विषय संपायचा.

मोठ्यानं वाचून घेण्याची ही सवय त्यांना वडिलांमुळे लागली होती. त्यांचे वडील छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतलेल्यांपैकी, गिरणीत कामाला. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, पण घरात आलेला प्रत्येक कागद, रेशनचा असो की गिरणीची नोटीस, ते मुलीकडून दोनदा वाचून घ्यायचे. शब्द गाळला तर त्यांना बरोबर कळायचं. काकू सांगायच्या, "बाबा म्हणत, गाळलेल्या शब्दातच आपलं नुकसान असते."

खंडणीवरचा त्यांचा दुसरा निकाल माझ्याविरुद्ध गेला. माझ्याकडे एक अविनाशी पहारेकरी होता, म्हणजे ज्याचा नाश करता येत नाही असा. खंडणीत त्याचा बळी जाऊच शकत नाही, असं माझं म्हणणं. मी बाद करायला दुसरं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. काकूंनी दोन्ही पत्ते वाचून घेतले आणि म्हणाल्या, "त्याचा नाश कोणी करून नाही राहिलं. तू स्वतः देऊन राहिली. मोडणं वेगळं अन् देणं वेगळं. दोन शब्द वेगळे आहेत तर अर्थबी वेगळा असन न?" मी कुरकुरत पहारेकरी बाद केला. त्या दिवशी खेळ संपल्यावर त्यांनी मला खाली थांबवून घेतलं आणि बेसनाच्या पाटोडीचा रस्सा वाढला. तो इतका तिखट होता की माझा राग त्यातच विरघळला.

त्यानंतर दर रविवारी मी खाली थांबू लागले. मी माझ्या अभ्यासाचं बोलायचे, त्या कोर्टातलं. मला पहिल्यांदा साडी नीट नेसायला त्यांनी शिकवलं, आणि अर्ज कसा लिहायचा तेही. "पहिल्या ओळीत काय पाहिजे ते सांग. रडणं दुसऱ्या ओळीत," असं त्यांचं म्हणणं. आईजवळ न बोललेल्या गोष्टी मी त्यांच्याजवळ बोलले. त्या कधी सल्ला द्यायच्या नाहीत. फक्त मी बोललेलं एखादं वाक्य जसंच्या तसं मला परत म्हणून दाखवायच्या, आणि ते ऐकून मलाच कळायचं की मी काय बोलले.

मी शेवटच्या वर्षाला असताना विदर्भातल्या पत्त्यांच्या दुकानांनी मिळून एक स्पर्धा ठेवली. जिंकणारा हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. मी घरी सांगितलं.  बाबा म्हणाले, जिंकलीस तर जा, तिकीट मी काढतो. मी एकटीनं नागपूरच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आणि बाबांनी माझ्या खेळाला प्रथमच पोरखेळ म्हटलं नव्हतं. मला ती स्पर्धा किती हवी होती, हे मी काकूंनासुद्धा सांगितलं नाही.

मनीषनगरमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात ती झाली. पंच म्हणून सगळ्यांनी एकमतानं काकूंना नेमलं. अंतिम डाव सचिन आणि माझ्यात आला. सभागृहात पंख्यांचा आणि माणसांचा आवाज होता. काकू आमच्या टेबलाला खेटून बसल्या होत्या, वही मांडीवर.

सचिनचा आठ डोळ्यांचा राक्षस समोर उभा होता. माझे फक्त पाच पत्ते मांडलेले. त्यातले चार गेले असते तर पुढच्याच फेरीत मी हरले असते. पण माझ्या हातात वीज होती, कुठल्याही प्राण्याला जागेवर मारणारा पत्ता. मी वाट पाहत होते, सचिन कदाचित हल्ला करणार नाही, वीज वाचेल. त्यानं राक्षसावर बोट ठेवून "हल्ला" म्हटलं आणि मी "थांब, वीज" म्हणत पत्ता टाकला.

राक्षस मेला.  सचिन म्हणाला की राक्षस गेला ते ठीक, पण खंडणी तर द्यावीच लागेल. मी म्हटलं, मागणाराच मेला तर खंडणी कसली? काकूंनी राक्षसाचं वाक्य पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "हल्ला जाहीर झाला तवाच नोटीस निघाली. काढणारा मेला म्हणून निघालेली नोटीस मरत नाही. हल्ल्याच्या आधी मारला असता तर गोष्ट वेगळी होती."

आणि मी म्हणाले, "आधीच मारला. त्यानं हल्ला म्हणायच्या आधी मी वीज म्हटलं होतं."

ते माझ्या तोंडून कसं निघालं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. ठरवून नक्कीच नव्हतं. पण निघाल्यावर मी ते मागे घेतलं नाही, आणि ते मात्र ठरवून होतं.

काकूंनी सचिनला विचारलं. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, आवाज खूप होता, दोघं एकदमच बोललो असू, ती म्हणते तर असेल. तेवढ्यावर माझं काम झालं असतं. काकू माझ्याकडे वळल्या.

"आधी बोलली तू?"

"हो."

"नक्की?"

"हो, काकू."

त्यांनी वही उघडली, पान चेहऱ्याजवळ नेलं आणि सपाट आवाजात वाचलं, "सचिन, हल्ला. रोहिणी, थांब, वीज." मग म्हणाल्या, "नोंद अशी आहे. चार द्या."

मला त्या 'द्या'नं सगळ्यात जास्त लागलं. दोन वर्षांत त्यांनी मला कधी तू सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. मी चार पत्ते बाद केले. पुढच्या फेरीत हरले. खोटं बोललीस, असं मला कुणीच म्हटलं नाही. त्यांनीही नाही.

मी नंदनवनला जाणं बंद केलं. घरी सांगितलं की परीक्षा जवळ आली. बाबांनी तिकिटाचा विषय काढला नाही. सचिन हैदराबादला गेला, दुसऱ्या फेरीत हरला, आणि तिथून त्यानं मला मोठ्या सभागृहाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, पुढच्या वर्षी तू. मी उत्तर दिलं नाही. काकूंचा फोन येईल म्हणून पहिले काही रविवार मी वाट पाहिली. मग येऊ नये असं वाटू लागलं.

परीक्षा संपली, मला गोव्याच्या एका औषध कारखान्यात नोकरी लागली, आणि त्याच आठवड्यात प्रणयचा फोन आला. काकू जिन्यात पडल्या होत्या. फार लागलं नव्हतं, पण त्यांना नीट दिसत नसावं असं त्याला वाटत होतं आणि त्या कबूल करत नव्हत्या. मी गेले.

त्या पलंगावर बसल्या होत्या, मनगटाला पट्टी. मी दारातून बोलले तेव्हा त्यांनी आवाजाकडे मान वळवली, माझ्याकडे नाही.  मी जवळ जाऊन बसले आणि पहिल्या ओळीत जे सांगायला हवं होतं तेच सांगितलं, की त्या दिवशी मी खोटं बोलले होते.

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं होतं." मग त्या पट्टीचं टोक गुंडाळू लागल्या. "पण मीबी खोटंच केलं वं. काचबिंदू आहे मले, तीन वर्षं झाले. तुमच्याकडून कार्डं वाचून घेत होती, ते काही निसतं बाबांच्या सवयीनं नाही. त्या दिवशी वहीतलं पान मले दिसतच नव्हतं. सगळं पुसट. जे कानात होतं ते बोलली अन् नोंद आहे म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, पण ते खरंच होतं. त्या म्हणाल्या, खरं असणं वेगळं आणि वाचलं असं दाखवणं वेगळं. कोर्टात असं एकदा जरी केलं असतं तरी त्यांनी स्वतःला माफ केलं नसतं. मग त्यांनी कपाटातून ती वही काढायला लावली आणि म्हणाल्या की कुणाकडून तरी ते पान वाचून घेऊन ये. तीन महिने त्या वाक्यानं त्यांनाही झोप नव्हती. मी तोवर समजत होते की झोप फक्त माझी गेली आहे.

सीताबर्डीला एका जुन्या टायपिंगच्या क्लासमध्ये लघुलिपी शिकवणारे वयस्क सर होते. मी पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि लिखाण किती वळणदार आहे याचं आधी कौतुक केलं. मग वाचलं, "सचिन, हल्ला. रोहिणी, थांब, वीज." आणि मला विचारलं की हा कुठल्या खटल्यातला जबाब आहे. मी म्हटलं, माझ्याच.

काकूंना सांगितलं, अक्षर न् अक्षर जुळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, विषय संपला. त्या म्हणाल्या, "या खेपेला जुळलं. मोबाईल काढ. पत्र लिहायचं आहे."

त्यांनी पत्र सांगितलं, मी टाइप केलं. प्रणयच्या नावे होतं. 'मनीषनगर येथील अंतिम डावात मी वहीतून वाचत असल्याचे दाखविले. वास्तविक मला पान दिसत नव्हते व मी आठवणीतून बोलले. निकाल बरोबर होता. पद्धत चूक होती. माझी दृष्टी सुधारणार नाही, असे डॉक्टरांचे मत आहे. सबब यापुढे मी कोणताही निकाल देणार नाही.' एवढंच. मी विचारलं, माझं खोटं त्यात लिहू का? त्या म्हणाल्या, "ते तुझं आहे. त्याच्यात माझी सही कशी चालन?"

रविवारी आम्ही दोघी वर गेलो. जिना चढताना त्यांनी माझा हात घेतला नाही. कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत चढल्या. प्रणयनं पत्र मोठ्यानं वाचलं.  तो म्हणाला, काकू, आम्ही तुम्हाला टेबलावर काय आहे ते सांगत जाऊ, तुम्ही फक्त निकाल द्या. बाकीचेही तेच म्हणाले. काकूंनी मान हलवली. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्याच्याच डोळ्यांनी पाहायचं, हे त्यांना जमणार नव्हतं. 

मग मी उभी राहिले. सचिन समोरच्या टेबलावर होता. मी त्याला सांगितलं की त्या दिवशी तू आधी बोलला होतास, मला तेव्हाच माहीत होतं, आणि तरी मी नाही म्हटलं.  सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी फक्त सचिनकडे.

सचिन खाली पाहत पत्ते पिसत राहिला. शेवटी म्हणाला, "मले तवाच वाटलं होतं. पण तुले जायचं होतं न हैदराबादले, म्हणून मी बोललो नाही." तो पत्ते मांडू लागला आणि मला म्हणाला, "बस."

आम्ही एक डाव खेळलो. कोण जिंकलं ते आता आठवत नाही. काकू त्यांच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. डाव संपल्यावर त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या.

"हात दे वं रोहिणी," त्या म्हणाल्या. "पायरी दिसत नाही."

मी धावत गेले. त्यांचा हात हलका होता आणि गार. अर्ध्या जिन्यात त्यांनी विचारलं की गोव्यात जेवणाचं काय करशील, तिकडे तिखट मिळतं का. मी म्हटलं, मिळत असेल.

मी गोव्याला गेले. काकूंचा फोन रविवारी यायचा; कोण आलं, कोण भांडलं ते सांगायच्या आणि निकाल काय लागला असं मी विचारलं की म्हणायच्या, मी ऐकायले बसते फक्त. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सचिन काटोलहून आला होता, प्रणयनं दुकान बंद ठेवलं होतं. आम्ही तिघं वरच्या खोलीत बसलो आणि बराच वेळ कुणी पत्त्यांना हात लावला नाही.

कारखान्यात माझं काम नोंदींचं आहे. कुठलं औषध किती वाजता यंत्रात गेलं, किती वाजता बाहेर आलं, ते मी लिहिते आणि खाली सही करते. बहुतेक वेळा वेळ मला पाठ असते; आत्ताच तर घडलेलं असतं. तरी पेन टेकवण्याआधी मी मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहते. सोबतच्या मुली हसतात. मी पाहते, आणि मग लिहिते.